मगदूमबाईंचा आकडा

मगदूमबाईंच्या तोंडाला लसणाचा वास यायचा, आणि बाईंनी जन्मात कधी लसूण खाल्ली नव्हती. निपाणीकडच्या जैन घरातल्या त्या. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर तोंडात घास नाही. तरी आमच्या संस्थेच्या लिफ्टमध्ये त्या शिरल्या की शेजारचा माणूस हळूच भिंतीकडे सरकायचा. मी बंगळूरात नवी होते तेव्हा मला वाटलं, बाई घरी चोरून लसणीची चटणी खात असणार. पुण्याहून आलेली होते, आमचं माणसाबद्दल वाईट मत लगेच होतं.

खरं कारण होतं टेल्युरियम. चांदीसारखा दिसणारा, ठिसूळ, महागडा पदार्थ. त्याची बारीक पूड श्वासावाटे अंगात गेली की शरीर तिचा वायू करून बाहेर टाकतं, आणि त्या वायूला अगदी लसणाचा वास असतो. बाईंचं सगळं आयुष्य त्या पुडीत गेलं. सुरुवातीला त्यांच्या प्रयोगशाळेत हातमोजे लावलेली बंद काचपेटी नव्हती, तेव्हा त्या तोंडाला रुमाल बांधून खलात हाताने कुटत बसायच्या. पुढे पेटी आली, मास्क आले, पण तोवर सवय हाडीमाशी खिळली होती. भट्टीतून निघालेला तुकडा उघड्या हातात घेऊन दिव्याखाली बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "काही आठवडे हात लावला नाही तर जातो की वास," असं त्या म्हणायच्या. ते काही आठवडे त्यांना कधी सापडले नाहीत.

माझं तिथलं काम संशोधकांचं इंग्रजी नीट करून द्यायचं. विज्ञान मला शाळेपुरतंच झेपलं. त्यामुळे बाईंचा पहिला शोधनिबंध हातात आला तेव्हा मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "बाई, यातलं मला काही कळत नाही. आधी मराठीत सांगा." बाईंना फार आनंद झाला. त्या मजल्यावर सगळे कानडीत नाहीतर इंग्रजीत बोलायचे, त्यांची मराठी घराबाहेर कुणी मागितलीच नव्हती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "एक चकती घ्यायची. एक बाजू गरम, एक थंड ठेवली की तिच्यातनं वीज निघते. उलट करायचं. वीज दिली की एक बाजू गार पडते. ना पंखा, ना गॅस, ना आवाज. लहान पेटीत औषध गार ठेवायला ह्यासारखं दुसरं काय नाही."

"मग अडलंय कुठे?"

"अडलंय असं की माल असा पाहिजे, जो वीज जाऊ देतो आणि उष्णता जाऊ देत नाही. आणि त्या दोघी जावा-जावा हायत. एकीला आत घेतलं की दुसरी येतेच. त्यांची फारकत करायची म्हणजे आमचं काम. तीस वर्षं झाली, मी तेच करतो."

'करतो' हे बाईंचंच. त्यांच्या भागात बायका 'मी येतो', 'मी बघतो' असंच बोलतात. पुण्यात लोक हसतील, असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "हसू देत की. तुमच्या पुण्यात लोक दुसरं करतात तरी काय?" त्या दिवसापासून आमचं जमलं, आणि मला हाक मारायला त्यांना 'काय पुणेकर' एवढंच नाव पुरलं.

दिसायला बाई ठेंगण्या, काटकुळ्या. केस मागे घट्ट बांधलेले, साडी सुती, पायात बंद बूट, कारण प्रयोगशाळेत चप्पल चालत नसे. कुठेही गेल्या तरी त्यांचा तळहात आधी पुढे जायचा. कॅंटीनच्या फ्रिजच्या पाठीला हात लाव, रिक्षातून उतरल्यावर मागच्या इंजिनाच्या पत्र्याला लाव, असं चालायचं. एकदा रिक्षावाल्याने दचकून विचारलं, "येनु अक्का?" काय झालं म्हणून. बाई म्हणाल्या, "काही नाही अण्णा, तुमचं अर्धं पेट्रोल इथनं हवेत चाललंय." तो बिचारा खाली वाकून गळती शोधायला लागला. वाया जाणारी ऊब त्यांना बघवायची नाही. संचालकांच्या बैठकीत, मोठे पाहुणे बोलत असताना, बाई उठून प्रोजेक्टरवर तळहात ठेवून उभ्या राहिल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. बोलणारे पाहुणे थांबले. बाई म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या."

एवढं वाचून कुणाला वाटेल, काय गमतीदार बाई. गमतीदार नव्हत्या. त्यांच्या आईचं सांगते.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आई निपाणीला भावाकडे असायची. एकदा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भावाने तिला बंगळूरला आणून सोडलं. पहिल्याच सकाळी बाई आईजवळ बसून तिच्या डोळ्यांत औषध घालायला वाकल्या आणि आईला तो वास आला. दुपारी ताट समोर आलं तेव्हा तिने ते बाजूला सारलं आणि केळी मागितली. बाईंनी समजावलं, टेल्युरियमचा तुकडा आणून दाखवला, रसायन सांगितलं, हाताखालच्या मुलांना घरी बोलावून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लावला. आई सगळं ऐकून म्हणाली, "तू शिकलेली हायस. तू काय खातीस ते तुझं तू बघ." जितके दिवस राहिली तितके दिवस तिने फळं आणि दूध यांच्यावर काढले. लेकीच्या हातचं खाल्लं नाही, आणि पुढे निपाणीला जाऊन वारली तीही तसंच मनात धरून. बाईंनी हे मला एका दुपारी डबा खाताना सांगितलं. सांगताना जेवण थांबवलं नाही. मी म्हटलं, "बाई, मग सोडायचं होतं काही दिवस. आईसाठी." त्या म्हणाल्या, "तेव्हा भट्टी लागलेली होती गं." मला त्यांचा भयंकर राग आला होता.

खोटं त्यांना चालायचं नाही असं मी म्हणणार नाही. खोटं पुष्कळांना चालत नाही. बाईंना वाट बघणं चालायचं नाही. एखादी गोष्ट खरी आहे हे कळलं, की ती त्याच दिवशी सगळ्यांना कळली पाहिजे. समोरचा आजारी आहे, त्याच्या घरी लग्न आहे, तो आत्ताच जेवायला बसलाय, यातलं काही त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही. आणि दुसरा नियम असा की ज्याचा आकडा, त्यानेच मोजायचा. विद्यार्थ्याच्या मालाचं मोजमाप त्या स्वतः कधी करत नसत. शेजारी उभ्या राहत, हात मागे बांधून.

तर आकडा. या लोकांच्या जगात प्रत्येक मालाला एक गुण देतात. वीज किती सहज जाते, उष्णता किती अडते, हे वेगवेगळं मोजून त्यावरून एक आकडा काढतात. आकडा जितका मोठा तितका माल चांगला. बाईंचा शेवटचा विद्यार्थी रविकिरण. तुमकूरकडचा, आई अंगणवाडीत, वडील नाहीत. बोलायला लाजाळू, हात मात्र फार साफ. त्याने मिश्रणात थोडा बदल केला आणि आकडा एकदम उडाला, नेहमीच्या मालाच्या जवळजवळ दुप्पट झाला. संस्थेत पेढे वाटले. शोधनिबंध मोठ्या ठिकाणी छापून आला, त्याचं इंग्रजी मीच घासूनपुसून दिलं होतं. पहिलं नाव रविकिरणचं, शेवटचं बाईंचं. त्याच निबंधावर त्याला परदेशात पुढच्या संशोधनाची जागा मिळाली. प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षेची तारीख लागली. पीण्या या बंगळूरच्या औद्योगिक वसाहतीतले एक छोटे कारखानदार, बसवराजू नावाचे, त्या मालाच्या चकत्या बसवून खेड्यापाड्यांत लस न्यायची पेटी बनवायला लागले. बाई त्या वर्षी नव्या साडीत दिसल्या, एकदाच.

पीण्यातली पेटी गार होईना. म्हणजे व्हायची, पण हिशेबाने व्हायला हवी तेवढी नाही. बसवराजूंनी सांधे तपासले. असल्या यंत्रात काही बिघडलं की दोष सांध्यांना द्यायचा, ही या क्षेत्रातली जुनी रीत आहे, कारण सांधे खरंच वाईट असतात आणि उलट बोलत नाहीत. त्यांनी सांध्यांना लावायचा डाक बदलून पाहिला, कारागीर बदलून पाहिला. बाई तीन-चारदा जाऊन आल्या. शेवटच्या खेपेला मी बरोबर होते, अहवाल लिहायचा होता म्हणून. बसवराजू म्हणाले, "मॅडम, सांधाच आहे. स्वल्प टाइम द्या, करतो." बाई पेटीवर तळहात ठेवून उभ्या होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "सांधा नाही."

परतताना टॅक्सीत त्यांनी मला समजावलं. मला म्हणजे, बहुतेक स्वतःला. "पूड साच्यात दाबून आपण चकती करतो. दाबल्यावर आतले कण आडवे पडले असतील तर? चपात्यांची चळत असते बघ, तसे. मग चपातीच्या अंगानं वीज सुरेख जाणार, पण एका चपातीतनं दुसरीत उष्णता अडणार. आपण वीज मोजली चपातीच्या अंगानं, कारण पट्टी तशीच कापता येते. उष्णता मोजली वरनं खाली, कारण यंत्र तसंच मोजतं. दोन्हीकडचं चांगलं तेवढं उचललं आणि एक आकडा केला. पेटीत तर दोघी एकाच दिशेनं जातात."

"पण हे तुम्ही आधी तपासलं असेल ना?"

"जुन्या मिश्रणाचं तपासलं होतं. दोन्हीकडनं सारखं. रवीनं बदल केला त्यानंतर नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "उभी पट्टी कापायला उंच ठोकळा लागतो. मीच सांगितलं होतं, टेल्युरियम महाग हाय, चकत्या पातळ करा."

दुसऱ्या दिवशी बाई संचालकांकडे गेल्या. संचालक वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्धं जग असंच मोजतं. मुलाची परीक्षा होऊ दे. डिग्री होऊ दे. मग सावकाश ठोकळा करा, मोजा, चूक निघाली तर दुरुस्ती छापू." मला हे पटलं. मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. पेट्या अजून कारखान्याबाहेर गेलेल्या नव्हत्या, कुठलं मूल त्या लशीवाचून अडलेलं नव्हतं, महिनाभर थांबलं तर काय बिघडत होतं? बाई म्हणाल्या, "त्याच्या नावावर तो आकडा जन्मभर राहील. मला माहीत असताना मी त्याला खोटा आकडा देऊन परदेशी पाठवू? तिथं कुणी तरी उभा ठोकळा कापणारच."

"मग त्याला बोलावून विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? मोजायचं."

शिल्लक होती ती सगळी पूड घालून उंच ठोकळा केला. आणि नियमाप्रमाणे मोजायला रविकिरणला बसवलं. त्याने स्वतः ठोकळा उभा कापला, स्वतः पट्टी यंत्रात लावली. हे मोजमाप सावकाश चालतं. तापमान थोडं वाढवायचं, स्थिर होऊ द्यायचं, पडद्यावर एक ठिपका उमटतो, मग पुढचं तापमान. सकाळपासून ठिपके पडत होते. मी मधूनमधून काचेतून बघत होते. तिसऱ्या-चौथ्या ठिपक्यालाच त्याला कळलं असणार, मला त्याच्या मानेवरून कळलं. तरी तो उठला नाही. बाई मागे उभ्या, हात पाठीशी बांधलेले. दुपारी मी आत जाऊन म्हटलं, "आता थांबवा, झालं की सिद्ध." बाई म्हणाल्या, "पूर्ण होऊ दे." रविकिरणने माझ्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी शेवटचा ठिपका पडला. सूर्य मावळला होता, बाईंचा डबा तसाच राहिला होता. रविकिरणने यंत्र बंद केलं, टेबल पुसलं, हातमोजे काढून डब्यात टाकले आणि "बरतीनी मॅडम" म्हणून निघून गेला. येतो, असा त्याचा अर्थ. तो परत आला नाही.

बाईंनी निबंध मागे घेतला. मागे घेण्याचं निवेदन मीच तपासलं. त्यात बाईंनी लिहिलं होतं की चूक सर्वस्वी माझी आहे, विद्यार्थ्याची नाही. चांगलं लिहिलं होतं, एक शब्द बदलावा लागला नाही. पण जग निवेदन वाचत नाही, पहिलं नाव वाचतं. परदेशातून सभ्य भाषेत नकार आला. परीक्षा पुढे ढकलली, प्रबंधाचं मुख्य प्रकरण नव्याने करा म्हणून सांगितलं आणि मध्येच शिष्यवृत्तीची मुदत संपली. रविकिरण बंगळूरातच कोरमंगलाच्या एका कंपनीत लागला, घरपोच किराणा पोचवणाऱ्यांच्या रांगा संगणकावर लावायचं काम. बसवराजूंनी पेटी सोडून दिली. बाईंचा प्रकल्प बंद पडला आणि त्यांचा करार पुढे वाढला नाही. त्या बंगळूरबाहेर होसकोट्याला एका कारखान्यात चकत्या तपासायच्या नोकरीवर गेल्या. बाहेरून आलेल्या तयार चकत्या, चांगल्या इकडे, वाईट तिकडे. तिथेच एका भाड्याच्या खोलीत पुढे झोपेत गेल्या. हृदय थांबलं म्हणे. कळलं तेव्हा मी पुण्याला होते, आणि संस्थेच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांच्याइतका मान मी दुसऱ्या कुणाला देतही नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारीशेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

शेवटचं पाहिलं ते सांगते. होसकोट्याला गेल्यावरही बाई शनिवार-रविवारी संस्थेत यायच्या. जुन्या ओळखीवर संचालकांनी भट्टी वापरू दिली होती. वर्षभर खपून त्यांनी रविकिरणच्या त्याच मिश्रणाचे उंच ठोकळे केले, आणि आपला नियम पहिल्यांदा मोडून ते स्वतः मोजले, उभे आणि आडवे, वीज आणि उष्णता, सगळं. प्रबंधाला मोठा आकडा लागत नाही, खरं मोजमाप लागतं. तेवढं प्रकरण लिहिलं असतं तर पोराला डिग्री मिळणार होती, संचालकांनी तसा शब्द दिला होता. फोन तो उचलत नव्हता. म्हणून एका रविवारी सकाळी बाई त्याच्या कोरमंगलाच्या पीजीवर निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चल गं पुणेकर. एकटीनं जाववत नाही."

रविकिरण खाली आला. कंपनीचा टी-शर्ट, पायात रबरी चपला. बराच वाळला होता. बाईंनी ठोकळ्यांचा डबा आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. त्या कानडीत बोलत होत्या, पण मला आता तेवढी कानडी कळते. "सगळं मोजलंय रवी. दोन्ही दिशांनी. तू फक्त लिही. तुझाच माल हाय."

त्याने डबा घेतला नाही. विचारलं, "किती आला?"

इथे दुसरं कुणीही काहीतरी गोड बोललं असतं. बाई म्हणाल्या, "नेहमीच्या मालापेक्षा थोडा कमी."

त्याने मान हलवली. त्याला ते त्या संध्याकाळपासून माहीतच होतं. पीजीच्या दारात दुचाक्या लावल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत कुणीतरी पाण्याचे कॅन आत नेत होता, म्हणून आम्ही तिघेही बाजूला सरकलो.

"मॅडम," तो म्हणाला, "मला डिग्रीचं काही वाटत नाही आता. एकच सांगतो. परीक्षेपर्यंत थांबायचं का, असं तुम्ही मला विचारलं असतं ना, मी नको म्हणालो असतो. आधी मोजूया म्हणालो असतो. तुमच्याकडेच शिकलो होतो. पण तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला वाटलं, मी खोट्याला हो म्हणेन."

तो नमस्काराला वाकला, बुटांपाशी हात नेला आणि वर निघून गेला. डबा बाईंच्या हातातच राहिला.

रिक्षात बाई डबा मांडीवर धरून बसल्या. माझं घर आलं. मी उतरले, आत वाकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एखाद्या लहान मुलीने चूक कळल्यावर विचारावं तसं विचारलं, "मी खरंच विचारलं नव्हतं का गं?"

"नाही, बाई," मी म्हटलं.

त्यांना नेहमी खरं तेच हवं असायचं, म्हणून मी खरं तेच सांगितलं. रिक्षा होसकोट्याच्या रस्त्याला लागली.